पेवातली ज्वारी

गेल्या फाल्गुनात मंगळवेढ्याजवळच्या आमच्या रानाच्या कडेला, मुरमाड टेकाडावर, मी तीन फूट खोलीचा, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असा एक खड्डा खणून घेतला आणि त्यात एकशे साठ किलो मालदांडी ज्वारी पुरली. गावात याची बरीच चेष्टा झाली. पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, ही वस्तू आमच्याकडे आता ‘पेव फुटले’ या वाक्प्रचारापुरतीच उरली आहे, आणि तो वापरणाऱ्या बहुतेकांनी पेव पाहिलेलेही नसते.

माझ्या या खटाटोपाचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. मुलगी पोर्ट्समथला शिकत असताना तिच्यासोबत मी हॅम्पशरमधील बट्सर येथील प्राचीन शेत पाहायला गेलो होतो. पीटर रेनॉल्ड्स या पुरातत्त्वज्ञाने १९७२ साली तेथे लोहयुगातील शेती पुन्हा करून पाहण्यास सुरुवात केली. गवताने शाकारलेली गोल घरे, जुन्या जातींचे गहू, लहान चणीची गुरे हे सारे तेथे असले, तरी रेनॉल्ड्स यांना देखावा उभारण्यात रस नव्हता. उत्खननात सापडणाऱ्या खड्ड्यांत खरोखर धान्य राहू शकत होते काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी खडूच्या जमिनीत खड्डे खणून, त्यात धान्य भरून, वर्षानुवर्षे मोजमाप करून मिळवले. भिंतीलगतचे दाणे ओलाव्याने मोड धरतात, श्वसन करून आतला प्राणवायू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो साठला की मोड येणे थांबते, किडे मरतात आणि उरलेले धान्य निजल्यासारखे पडून राहते. कडेच्या थोड्या दाण्यांच्या मोबदल्यात बाकीचा साठा टिकतो, इतका की पुढच्या हंगामात तो बियाणे म्हणूनही उगवतो.

बट्सरला हे ऐकत असताना मला आमच्या वाड्याच्या अंगणातली, आता दगडमातीने बुजवलेली जागा आठवत होती. ते पेव आजोबांच्या वेळचे. बट्सरचे काम सुरू झाले त्याच १९७२ साली आमच्याकडे दुष्काळ होता, आणि पेव रिकामे झाल्यावर घरात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी झाल्या, हे आई अजूनही नाक मुरडून सांगते.

पेव करायचे तर त्यात घालायची ज्वारीही जुन्या रीतीनेच पिकवावी, असा हट्ट मी धरला आणि वीस गुंठे त्यासाठी राखून ठेवले. हस्ताच्या पावसानंतर शेजाऱ्यांच्या खिलारी जोडीवर पेरणीची पाभर चालवली. चाड्यावर, म्हणजे पाभरीच्या बी सोडायच्या वाडग्यावर, मूठ धरणे हे काम दिसते तितके सोपे नाही. बैलांच्या चालीशी हाताची चाल जुळली नाही की बी कोठे दाट, कोठे विरळ पडते, आणि माझ्या ओळी उगवून आल्यावर रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही त्या कोणी पेरल्या हे सहज कळत होते. काढणी हाताने केली. खळे शेणाने सारवले, मधोमध तिवडा, म्हणजे ज्याभोवती बैल फिरतात तो खांब, रोवला, बैलांना मुसकी बांधून मळणी केली आणि वावडीवर उभे राहून उफणले. वाऱ्यासाठी दोन दिवस थांबावे लागले. रास मोजताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे, एवढे मात्र सगळ्यांना न सांगता आठवले.

एका गोष्टीचा येथे स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. हे सारे करताना गावगाड्याचा मी आव आणू शकत नव्हतो, कारण पाभर दुरुस्त करणारा सुतार बलुत्यावर नव्हे तर रोख मजुरीवर आला होता, आणि माझ्या वाट्याला आलेले कष्ट एका हंगामाचे, स्वखुशीचे होते. अवजारे परत आणता येतात. ज्यांना त्या कष्टांतून सुटका नव्हती त्यांची परिस्थिती मात्र आणता येत नाही, आणि आणूही नये. हुरडा पार्टीच्या ठिकाणी बैलगाडीत बसवून ‘जुने जीवन’ दाखवणाऱ्यांशी माझे पटत नाही ते यामुळेच. खड्ड्याला प्रश्न विचारता येतो, तेवढाच मी विचारला.

खड्डा खणल्यावर आत पाचट जाळून तो कोरडा केला, शेणामातीने लिंपला आणि कडेने कडबा उभा लावला. अर्धाच भरून पाहावा असा माझा विचार होता, पण ऐंशी ओलांडलेले शेजारचे तात्या काठी टेकत आले आणि म्हणाले, “आरं, पेव अर्धं ठिवू नये. अर्ध्या पेवात वारं ऱ्हातं.” प्राणवायू हा शब्दही न उच्चारता रेनॉल्ड्स यांचा निष्कर्ष त्यांनी एका वाक्यात सांगितला होता. मी गळ्यापर्यंत भरले, वर फरशी ठेवली आणि चिखलाने सांधे बुजवले.

पावसाळा सरून कार्तिकात फरशी काढली. धान्य खाली बसून वर पोकळी झाली होती. दोरीला बांधलेली पणती आत सोडली, ती लगेच विझली. जुन्या मोठ्या पेवात घाईने उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या गोष्टी लहानपणी ऐकल्या होत्या, त्या विझलेल्या वातीकडे पाहताना एकदम खऱ्या वाटल्या. रात्रभर तोंड उघडे ठेवून सकाळी पुन्हा पणती सोडली आणि ती जळत राहिल्यावरच ज्वारी उपसायला घेतली. कडेला दोन बोटे जाडीचा, मोडांनी एकमेकांत गुंतलेला, आंबूस वासाचा थर होता. तो हातात पोळ्यासारखा निघून आला. आतली ज्वारी मोकळी होती, दाण्याचा रंग किंचित मंद झाला होता, पण कीड नव्हती.

तोलल्यावर एकवीस किलो वाया गेल्याचे दिसले. हे प्रमाण जास्त आहे, पण लहान खड्ड्यात पोटाच्या मानाने भिंत जास्त असते, त्यामुळे नासाडीही जास्त होणार. शिवाय आमच्याकडची जमीन हॅम्पशरसारखी गार नाही. जुनी पेवे खंडी-खंडीची का असत, याचे एक कारण मला या हिशेबात सापडले. मधल्या थरातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवले, त्यातले एकाहत्तर उगवले.

तात्यांनी ओंजळभर ज्वारी नाकाशी धरली, बराच वेळ धरली, मग दोन दाणे दाताखाली फोडले. “वास तोच हाय,” ते म्हणाले. “कडंची गुरांस्नी घाल. मधली पायलीभर आमच्या घरी लावून दे.”