पन्नास भोकं

९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी कचऱ्याचे डबे आत घेत होतो, तर शेजारचे बुवा कुंपणाशी उभे. हातात प्लास्टिकचा एक पिवळा पडलेला ट्रे, कोपरा उडालेला. "तुझ्याकडे ते उभं ड्रिल आहे ना?" एवढंच विचारलं. मग पाच मिनिटं हवापाण्यावर बोलले आणि शेवटी ट्रे माझ्या हातात देऊन गेले. खिशातून काढून काडतुसाच्या दोन रिकाम्या पुंगळ्याही दिल्या, मापाला.

बुवा अठ्ठ्याहत्तरचे. हयात पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात गेली. थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा इथला सण) झालं की हरणाच्या शिकारीला जायचं, हे त्यांचं वारीसारखं. पेनसिल्व्हेनियात हा हंगाम पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा आणि कितीतरी शाळा त्या दिवशी चक्क बंद असायच्या. २०१९ पासून तो शनिवारी उघडतो. बुवांना हा बदल अजून मान्य नाही.

काडतुसं ते घरीच भरतात. एकदा उडालेली पितळी पुंगळी टाकायची नाही. साफ करायची, परत मापात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी कॅप, आत दारू, तोंडाला गोळी. (मराठीत या पावडरीलाही दारूच म्हणतात, हे सांगितलं तेव्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.) या सगळ्यात ट्रेचं काम काय, तर पुंगळ्या उभ्या धरायच्या. पाच रांगा, प्रत्येकीत दहा, अशी पन्नास भोकं. दारू घालून झाली की गोळ्या बसवायच्या आधी टॉर्च घ्यायचा आणि एकेका पुंगळीत डोकावून बघायचं, सगळीकडे पातळी सारखी आहे ना. एखादी रिकामी राहिली, तर नुसत्या कॅपच्या जोरावर गोळी नळीत अडकू शकते. एखादीत दोनदा पडली, तर बंदूक हातातच फुटू शकते.

प्लास्टिकचा ट्रे हलका. बुवांचे हात आता थरथरतात, धक्का लागला की ट्रे सरकतो. मागच्या महिन्यात पन्नासच्या पन्नास आडव्या झाल्या म्हणे. म्हणून जड, लाकडी हवा.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "कर. पण माझ्या ओट्यावर ते पितळ ठेवू नकोस." बाकी काही बोलली नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात पिट्सबर्गच्याच स्क्विरल हिल भागातल्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) एकाने गोळ्या घालून अकरा माणसं मारली, त्या शनिवारी आम्ही तिकडेच भाजीला निघालो होतो. त्यानंतर बरेच महिने मी बुवांच्या गॅरेजकडे वळलो नव्हतो. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बंदुकीला मी आजवर हात लावलेला नाही आणि लावायची इच्छाही नाही. लाकडाला मात्र नाही म्हणता येत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

चेरीची फळी होती, दीड इंच जाड, बुवांनीच तीन वर्षांपूर्वी दिलेली. २०५ बाय ११० मिलिमीटरचा तुकडा कापला, रंधा मारला. चेरीचा ताजा भुसा गुलाबीसर असतो आणि वास जरासा गोड. गुण्या लावून रेघा आखल्या, १९ मिलिमीटरच्या अंतराने. पंच मारून पन्नास खुणा केल्या. इथवर बाबांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

मग शहाणपणा केला. पुंगळीचं बूड कॅलिपरने मोजलं: ११.९५. माझ्याकडे बाबांनी बोहरी आळीतून आणून दिलेला १२ मिलिमीटरचा बिट आहे, चांगला धारदार. झालं की! खोली २० वर बांधली आणि पन्नास भोकं पाडली. तासभर इतकं छान चाललं होतं की मी गुणगुणत होतो.

पुंगळी घातली. दाबल्यावर गेली. वर ओढली, तर पुंगळीबरोबर अख्खा ठोकळा उचलला गेला.

पितळ ११.९५, भोक १२, मग अडलं कुठे? लाकडाची भोकं काही लोखंडासारखी नेमकी राहत नाहीत. बिट बाहेर आला की कडेचे तंतू थोडे आत येतात, आणि तंतूंच्या दिशेला एक माप तर आडवं दुसरंच. शिवाय बुवांच्या रायफलचं काडतूस थर्टी-ऑट-सिक्स नावाचं, त्याच्या पुंगळीचं बूड छापील मापात ०.४७३ इंच. बारा मिलिमीटर म्हणजे ०.४७२. म्हणजे दुसरी एखादी पुंगळी आत गेलीही नसती. दारूने भरलेली पुंगळी हिसका देऊन काढायची वेळ आली, तर ठोकळ्याचा उपयोगच संपला.

पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून भोकं घासायला बसलो. अकराव्या भोकाला नाद सोडला.

रात्री बाबांना व्हिडिओवर दाखवलं. भोसरीत टूलरूममध्ये तेहतीस वर्षं काढलेला माणूस. "आधी रद्दी तुकड्यावर एक भोक मारून बघायचं असतं," म्हणाले, "हे तुला चौथीत शिकवलं होतं." मग विचारलं, "पण हे कशाला लागतं रे?" सांगितलं. जरा वेळ गप्प. "आपल्याकडे परवान्याशिवाय एक काडतूस सापडलं तरी आत टाकतात," म्हणाले, आणि आईकडे फोन दिला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दुसरा ठोकळा. या वेळी अर्धा इंच, म्हणजे १२.७, आणि आधी तुकड्यावर. पुंगळी आपल्या वजनाने खाली बसली, दोन बोटांनी अलगद वर आली. जरा डुलते, पण वीस मिलिमीटर खोलीत तेवढं चालतं.

बिट फोर्स्टनरचा वापरला, त्याचा तळ सपाट निघतो. हा बेंजामिन फोर्स्टनर स्वतः बंदुका बनवणारा कारागीर. जन्म इथल्याच बीव्हर काउंटीतला, आमच्या शेजारचा जिल्हा. पेटंट १८७४ चं. आज हा बिट दुनियेतले सुतार कपाटांच्या बिजागऱ्यांसाठी वापरतात. मी त्याला परत माहेरी आणलं म्हणायचं.

व्हार्निश लावू का विचारायला बुवांकडे गेलो. "कोरंच ठेव, आत चिकटपणा नको," म्हणाले. त्यांच्या टेबलावर तराजू होता, ग्रेनचा (हे वजनाचं एक बारीक इंग्रजी माप) दशांश दाखवणारा. तिथे एक गोळी ठेवून दाखवली. काटा १८० वर. मी घरी येऊन हिशेब केला, कारण हा आकडा कुठेतरी ऐकलेला होता. इंग्रजांनी आपला तोळा ठरवला तो १८० ग्रेनचाच! सोनाराकडे ज्याला ११.६६ ग्रॅम म्हणतात, तो. बुवांची एक गोळी बरोबर एक तोळा.

हिला सांगितलं. हिने हातातल्या पाटल्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे या दोन पाटल्या म्हणजे चार गोळ्या?" आम्ही दोघंही हसलो. पण नंतर ही पाटल्या बराच वेळ मनगटावर फिरवत बसली होती.

१७ नोव्हेंबर, रविवार

ठोकळा दिला. बुवांनी तो आधी हातात तोलला, मग टेबलावर ठेवून बोटाने ढकलून पाहिला. हलला नाही. मग रिकाम्या पुंगळ्या एकेक करून लावल्या. थरथरत्या हाताने लावायला दहा मिनिटं लागली; मी मदतीला हात पुढे केला, तर नजरेनेच थांबवलं.

पन्नासही बसल्या. बुवा वाकले, डोळा टेबलाच्या पातळीवर आणला आणि लगेच म्हणाले, "तिसरी रांग, सातवी." ती एक पुंगळी बाकीच्यांपेक्षा मिलिमीटरभर खाली. ड्रिलचा स्टॉपर तिथे सरकला असणार. मी काल सगळी भोकं तपासली होती आणि मला दिसलं नव्हतं. नवा करून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. पोस्टकार्डाचा एक तुकडा घेतला, कात्रीने गोल कापला, चिमट्याने त्या भोकात तळाशी बसवला. पुन्हा वाकले.

मग गॅरेजचा दिवा घालवून टॉर्च लावला आणि रिकाम्याच पुंगळ्यांवरून रांगेने फिरवला. तोंडाने मोजत होते. पन्नासला थांबले, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.

पहिला, फसलेला ठोकळा माझ्या बाकावर आहे. त्यात ड्रिलचे बिट उभे केलेत. बाराचा बिट तेवढा त्याच्या भोकात घट्ट बसतो, काढताना ठोकळा उचलला जातो.