थोडासा घसरणारा बूट

बुटांच्या दुकानात विक्रेता जोड पुढे ठेवतो आणि म्हणतो, "जरा चालून बघा." मी चालत नाही. चवड्यावर उभी राहते आणि जागच्या जागी अर्धी गिरकी घेते. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघतात, बघू देत. नाचायच्या बुटाची परीक्षा चालून कशी व्हायची?

नाचायला कोणते बूट घेऊ, असं विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा पळायचे बूट असतात. पण पळताना पाऊल पुढेच जातं, त्यामुळे त्या बुटाची सगळी अक्कल समोरच्या दिशेची. नाचात पाऊल आडवं जातं, मागे जातं, गोल फिरतं. रबरी सोल फरशी घट्ट धरून बसतो. कंबर वळते, मांडी वळते, पाऊल मात्र हलायला तयार नाही. मग उरलेला पीळ सोसायचा कोणी? मधल्या गुडघ्यानं. नाचून गुडघे दुखतात अशी तक्रार कोणी केली की मी आधी त्याचे बूट उलटे करून बघते.

सोलनं धरावंही आणि वेळेवर सोडावंही, एवढीच खरी मागणी. बॉलरूम किंवा साल्सा अशा जोडीनं करायच्या नाचांच्या बुटांना म्हणूनच खाली स्वेड असतं, खरखरीत लव असलेलं चामडं. लाकडी फरशीवर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. वापरून वापरून ती लव दबते, धूळ आणि फरशीचं मेण बसून सोल काळा, चकचकीत होतो आणि नको तितका घसरायला लागतो. मग त्यावर तारेचा छोटा ब्रश फिरवायचा. करकर आवाज होतो, काळपट भुसा गळतो आणि खालून राखाडी लव पुन्हा उभी राहते. हे काम मला जवळजवळ नाचाइतकंच आवडतं. पाण्याशी मात्र या सोलचं हाडवैर. त्यामुळे हे बूट पिशवीतून न्यायचे आणि फरशीपाशी पोचल्यावरच पायात चढवायचे.

'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणून आपण नाचणाऱ्याची जिरवतो खरी, पण अंगणाचाही दोष असू शकतो. गुळगुळीत टाइलवर हेच स्वेड सुळकन निसटतं आणि खडबडीत सिमेंटवर त्याची सालं निघतात. तिथे डान्स स्नीकर बरे. त्यांचा सोल मधोमध तुटलेला असतो, एक तुकडा चवड्याखाली, एक टाचेखाली, त्यामुळे पाऊल मोकळेपणी वाकतं. काहींना चवड्याखाली गिरकीसाठी गुळगुळीत गोल चकती असते. पावलांनी ताल वाजवायच्या टॅप नाचाच्या बुटांना धातूच्या पट्ट्या, फ्लॅमेंको या स्पॅनिश नाचाच्या बुटांना खिळे. ते बूट कमी आणि वाद्य जास्त. नवशिक्यानं मात्र एवढ्या खोलात जाऊ नये. पायाला सरावलेल्या जुन्या बुटाला मोच्याकडून स्वेडचा पातळ सोल चिकटवून घेतला तरी सुरुवातीला भागतं.

आता आरामाबद्दल. बोटानं दाबलं की रुततो तो बूट आरामशीर, हा दुकानातला सगळ्यात मोठा गैरसमज. फार मऊ गादीवर पाऊल आतल्या आत हलतं, हललं की घासतं, घासलं की फोड. बूट चावला की आपण तो घट्ट आहे असं धरून चालतो. पुष्कळदा तो सैल असतो. टाच उचलली की बूट टाचेला धरून उठला पाहिजे, आणि बोटं आत सरळ राहिली पाहिजेत. बोटांपुढे अंगठाभर जागा ठेवायची सवय इथे सोडावी, कारण चामडं पुढे सैलावतंच. खरेदी संध्याकाळी करावी, दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन्ही पावलं क्वचितच एका मापाची असतात, तेव्हा दोन्ही बूट घालून बघावेत. मग बूट हातात घेऊन वाकवावा. पाऊल चवड्यापाशी वाकतं, बुटानंही तिथेच वाकावं. तुटक सोलच्या स्नीकरची गोष्ट वेगळी, पण एरवी मधोमध घडी पडत असेल तर तो बूट कितीही देखणा असला तरी परत फळीवर.

हीलबाबत लोक फक्त उंची विचारतात. उंची वाढली की वजन चवड्यावर येतं, हे खरंच. पण हील बसवलीय कुठे, तेही बघावं. ती टाचेच्या हाडाच्या बरोबर खाली हवी. मागे सरकलेली असेल तर दीड इंचावरही तोल जातो. घोट्याला पट्टा हवाच, यावर मी वाद घालत नाही.

टिकाऊपणाचं नाव बॅले नर्तिकेपुढे काढू नये. तिच्या पॉइंट शूजचं, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहायच्या बुटांचं, टोक कापड, कागद आणि खळीचे थर चिकटवून कडक केलेलं असतं. ते घामानं आणि वजनानं मऊ पडतं आणि व्यावसायिक नर्तिकेची जोडी एका प्रयोगातही संपू शकते. आपण बाकीच्यांनी टिकाऊपणा जरूर बघावा, पण कशाचा, ते ठरवून. सोल झिजणारच, घासणं हेच त्याचं काम. हीलची टोपीही झिजणार. या दोन्ही गोष्टी बदलता येतात का, एवढं विचारावं. टिकायला हवं ते वरचं चामडं, शिवण आणि टाचेमागचा कडक भाग. तो अंगठ्यानं दाबल्यावर सहज दुमडला, तर पुढचं बोलणंच नको.

नुसतं जपून बूट टिकतात असंही नाही. पॉलियुरेथेन या हलक्या प्लास्टिकचा सोल दमट हवेत आतून विरत जातो. वर्षानुवर्षं खोक्यात जपलेली कोरी जोडी बाहेर काढावी आणि पहिल्याच उडीत सोलचे तुकडे पडावेत, असं होतं. घामेजलेला बूट पिशवीत कोंबून ठेवू नये. पट्टा सैल करून सावलीत, वाऱ्यावर ठेवावा. कडक उन्हात चामडं तडकतं, गोंद सुटतो. पुरता वाळायला त्याला दिवसभर तरी लागतो, म्हणजे रोज नाचणाऱ्याकडे दोन जोड हवेतच. आता हे घरच्यांना कसं पटवायचं, ते ज्याचं त्यानं बघावं.