बीपीची गोळी आणि बाळाचं पाणी

नागपुरात सोनोग्राफी करणाऱ्याला ‘पाणी कमी’ अशी चिठ्ठी नवी नाही. मे महिन्यात तर विचारूच नका. पारा पंचेचाळिशीला टेकला की गरोदर बायका कोरड्या पडतात, गर्भजल थोडं उतरतं. पाणी, ताक भरपूर प्या, आठवड्याने पुन्हा दाखवा, एवढं सांगून बऱ्याच जणी मार्गी लागतात.

ही बाई त्यातली नव्हती. काटोलकडची, पस्तिशी ओलांडलेली, सोबत धाकटी जाऊ. पाळीचा आधीपासूनच घोळ, म्हणून दिवस गेल्याचं पोट दिसायला लागल्यावर कळलं. चिठ्ठीवर लिहिलेलं: अंदाजे चोवीस आठवडे, पाणी कमी, बीपी जुनं, उपचार चालू. एफ फॉर्मवर (लिंगनिदान बंदी कायद्याचा) सही घेतली, प्रोब ठेवला आणि पडद्यावर काळं काही दिसेचना. पाणी सोनोग्राफीत काळं दिसतं; एरवी बाळ त्या काळ्यात मजेत हातपाय हलवत असतं. इथे बाळ गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं. मानेजवळ एक काळी फट दिसली म्हणून जरा हायसं वाटलं, पण रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारं कलर डॉपलर लावताच ती लाल-निळी झाली. पाणी नव्हतं ते, नाळेचा वेढा होता.

पाणी नसण्याची कारणं मोजकी. पिशवी फुटून गळालं का? “नाई जी, कपडे कोरडेच हायेत.” बाळाला किडन्याच नाहीत का? महाधमनीतून दोन्ही बाजूंना फाटे गेलेले डॉपलरवर स्वच्छ दिसले. किडन्या होत्या, फक्त नेहमीपेक्षा जरा पांढरट. वार (प्लॅसेंटा) नीट काम करत नाही का? नाळेतला प्रवाह चांगला, गर्भाशयाच्या धमन्या चांगल्या, बाळाची वाढही बरोबर. इथे मी अडले. वार खराब असती तर बाळ बारीक दिसायला हवं होतं. उरली लघवीची पिशवी. गर्भातलं बाळ ती साधारण अर्ध्या तासात भरतं आणि रिकामी करतं. बाईंना बाहेर बसवलं, मधले पेशंट घेतले, पुन्हा पाहिलं. पिशवी कोरडी ठणठणीत. चौथ्या महिन्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच असते, तेव्हा पाण्याचा हिशेब इथेच लागत होता. किडन्या आहेत, रक्त पोचतंय, पण लघवी होत नाही.

“गोळ्या कोणत्या घेता?”

“लोहाची, कॅल्शियमची. अन् बीपीची. तीन साल झाले, एकबी दिवस नाई चुकवली.” हे तिने अभिमानानेच सांगितलं, आणि अभिमान योग्यच होता. जावेने पिशवीतून प्लॅस्टिकची पुडी काढली. मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेली स्ट्रिप. नावाचा पुढचा भाग कापण्यात गेलेला, फॉइलवर ‘सार्टन ४०’ एवढंच उरलं होतं. मला तेवढं पुरलं. टेल्मिसार्टन.

बीपीसाठी उत्तम गोळी आहे ही, माझ्या घरातही चालते. ती अँजिओटेन्सिन या संप्रेरकाची वाट अडवते. त्याची साखळी किडनीतल्या रेनिनपासून सुरू होते. रेनिन 1898 मध्ये स्टॉकहोममध्ये टायगरस्टेट आणि बर्गमन यांना सशाच्या किडनीत सापडलं. अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून दाब चढतो. गंमत अशी की गरोदरपणात आईच्या रक्तात रेनिन आणि अँजिओटेन्सिन दोन्ही वाढतात, तरी मधल्या महिन्यांत तिचा दाब थोडा खालीच येतो, कारण तिच्या रक्तवाहिन्या त्याला दाद देईनाशा होतात. प्रोस्टासायक्लिन, नायट्रिक ऑक्साइड अशी सैल करणारी मंडळी जोरात असतात. 1973 मध्ये डॅलसच्या गँट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या बायकांचं बीपी पुढे वाढणार असतं, त्यांच्यात हा बेदादपणा कित्येक आठवडे आधीच ओसरू लागतो.

बाळाचं गणित वेगळं. त्याचा रक्तदाब मुळातच कमी. एवढ्याशा दाबावर किडनीतून लघवी गाळली जायची तर गाळणीतून बाहेर पडणारी बारीक धमनी आवळून आतला दाब धरून ठेवावा लागतो. बागेला पाणी देताना पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबतो तसं. तो अंगठा म्हणजे अँजिओटेन्सिन. किडनीची घडण नीट व्हायलाही ते लागतं. आईची गोळी वार ओलांडून बाळापर्यंत जाते आणि अंगठा काढून घेते. लघवी थांबते, पाणी आटतं, आणि पाण्याशिवाय बाळाची फुफ्फुसं फुलत नाहीत. रामिप्रिल, एनालाप्रिल हे याच साखळीवरचे दुसरे भाऊ. त्यांच्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1992 मध्येच ठळक इशारा दिला होता.

पाठवणाऱ्या गायनॅक मॅडमना तिथूनच फोन लावला. त्यांनी त्याच दिवशी भरती करून घेतलं, टेल्मिसार्टन बंद, लॅबेटालॉल सुरू. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा ही गरोदरपणात चालणारी औषधं. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांवर मला राग नाही. तीन वर्षांपूर्वी तिच्या बीपीला ती बरोबरच होती. राग आहे तो ‘तीच चालू ठेवा’ या सवयीवर. आणि चिठ्ठी न बघता महिन्याच्या महिन्याला स्ट्रिप कापून देण्यावर. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ही गोळी देताना ‘पाळी चुकली तर आधी मला सांगा’ हे एक वाक्य लागतं. ते लिहायला प्रिस्क्रिप्शनवर जागा असते.

गोळी बंद केल्यावर पाणी परततंच असं नाही, हे नातेवाइकांना मी स्पष्ट सांगितलं होतं. पुढच्या तपासणीत पाणी तसंच. त्यानंतरच्या वेळी मात्र बाळाच्या ओटीपोटात वाटाण्याएवढा काळा ठिपका दिसला. लघवीची पिशवी! मी जावेला पडदा दाखवला तर ती म्हणाली, “मुतलं म्हणायचं का मॅडम?” हळूहळू पाण्याच्या एका कप्प्याची खोली दोन सेंटिमीटर, मग चार. नवव्या महिन्याच्या सुरुवातीला सिझेरियन झालं. बाळ रडलं, श्वास नीट, पहिल्या दिवशी लघवी झाली. किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन थोडं जास्त होतं, ते उतरत गेलं. तरी त्याचा रक्तदाब आणि किडन्या बालरोगतज्ज्ञ काही वर्षं तपासत राहणार आहेत.

बाळाची सोनोग्राफी करायला आली तेव्हा तिने विचारलं, “आता माही जुनी गोळी सुरू करू का जी?” बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना एनालाप्रिल देतात, दुधात ते फार थोडं उतरतं. पण हिच्या बाळाच्या किडन्यांनी एकदा मार खाल्लेला, म्हणून गायनॅक मॅडमनी निफेडिपिन दिलं होतं. मी तेच सांगितलं. “अन् अजून एक लेकरू हवं असलं तं?” असं जावेने मध्येच विचारलं, तेव्हा बाळाच्या आईने तिच्याकडे असं पाहिलं की मला उत्तर द्यायची गरजच पडली नाही. तरी फाइलवर लाल पेनने लिहून दिलं: गर्भधारणेची शक्यता असेपर्यंत ‘सार्टन’ आणि ‘प्रिल’ नकोत.