बडबडी मुलगी हळवी कशी असेल?

शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना अनुभव असा, की गप्प बसणारी मुलं माझ्याकडे लगेच पाठवली जातात. ही मुलगी तशी नव्हती. सातवीतली, वर्गात सर्वांत बोलकी, नाटकात कायम पुढे. त्या दिवशी तालीम छान रंगली, टाळ्या पडल्या आणि थोड्याच वेळात ती जिन्याखाली कान दाबून रडताना सापडली. कुणी तिला काही बोललं नव्हतं. बाईंना वाटलं, लक्ष वेधून घेतेय. धावत आलेल्या आईचा प्रश्न वेगळाच होता, "मॅडम, हिला काही आजार तर नाही ना?"

मी आधी मुलीला एकटीला भेटले. का रडलीस, हे विचारलंच नाही. तालमीत काय काय जाणवलं, ते विचारलं. एक ट्यूबलाइट सारखी गुणगुणत होती. संवाद विसरलेल्या मुलाची बोटं थरथरत होती. बाई गोड बोलत होत्या, पण मधूनच त्यांचा आवाज चिडका झाला होता. हे सगळं टिपत तिने स्वतःची भूमिका चोख केली होती. मग टाळ्या सुरू झाल्या आणि "डोक्यात जागाच उरली नाही."

आईकडून मागचं कळलं. तान्ही असताना दाराची कडी वाजली तरी दचकायची. कपड्याच्या मानेमागचं लेबल कापल्याशिवाय तो अंगात घालू द्यायची नाही. दुसऱ्याला रागावलं तरी हिचे डोळे भरायचे. पुढच्या भेटींत मी श्रवणदोष, चिंताविकार, स्वमग्नता, घरचा-वर्गातला त्रास या सगळ्या शक्यता तपासल्या. त्या तपासल्याशिवाय कुणालाही 'अतिसंवेदनशील' म्हणू नये, याबाबत मी हट्टी आहे. त्यांतलं काहीच निघालं नाही, तेव्हा आईला सांगितलं, ही अतिसंवेदनशील आहे; म्हणजे आवाज, स्पर्श, दुसऱ्यांच्या भावना हिला इतरांपेक्षा जास्त जाणवतात, हा तिचा स्वभावगुण आहे.

"पण इतकी बडबडी मुलगी हळवी कशी असेल?" आईला पटेना. एलेन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने १९९७ मध्ये या गुणाचं मोजमाप मांडलं, तेव्हाच तो अंतर्मुखतेहून वेगळा असल्याचं दाखवलं होतं. अशांपैकी सुमारे ३० टक्के लोक बहिर्मुख असतात, असा एलेन ॲरन यांचा अंदाज आहे. माझ्या मते सर्वांत जास्त गैरसमज त्यांच्याच वाट्याला येतात. माणसांत रमणारा माणूस माणसांनीच थकतो, हे कुणाला खरं वाटत नाही.

हा आजार नाही, मनोविकारांच्या यादीत तो नाही, हे ऐकून आई सावरली. पण 'जन्मजात' म्हटल्यावर पुन्हा खचली. "म्हणजे माझ्यामुळेच?" २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधल्या किशोरवयीन जुळ्यांच्या अभ्यासात संवेदनशीलतेतल्या फरकांचा ४७ टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला; उरलेला परिस्थितीचा. आणि अशा मुलांवर वाईट वातावरणाचा परिणाम जास्त होतो, तसा चांगल्याचाही. हे दुसरं वाक्य मी तिला मुद्दाम दोनदा सांगितलं.

"मग नाटक बंद करू का?"

मुलगी ताडकन म्हणाली, "अजिबात नाही! फक्त तालीम किती वाजता संपणार ते आधी सांगा, आणि संपल्यावर थोडा वेळ मला कुणी काही विचारू नका."

बाईंनी दोन्ही मान्य केलं. तालमीनंतर तिने वाचनालयात बसायचं ठरलं. मग बाईंनी हजेरीपट उघडला आणि आणखी एका मुलाबद्दल विचारलं.