फोंड्याचा वेढा अपडेट: पाऊस, प्रायमर आणि तोड्याची ठिणगी

गोव्यातल्या फोंड्याच्या वेढ्यासाठी छोट्या सैनिकांच्या फिगर रंगवायचं काम आता खऱ्या अर्थाने मार्गी लागलंय. नवीन मंडळींसाठी थोडक्यात, १६८३ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट आल्व्होर फौज घेऊन फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला, तोफा डागल्या, तट फोडला, आणि संभाजी महाराज स्वतः कुमक घेऊन पोचल्यावर त्याला हात हलवत परत जावं लागलं. ही लढाई मला २८ मिमी स्केलमध्ये, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीच्या फिगर घेऊन, टेबलावर खेळायचीय, आणि फोंड्यातच राहतो म्हटल्यावर दुसरी कुठली घेणार! मराठे बहुतेक रेझिनचे थ्रीडी प्रिंट आहेत, पोर्तुगीज मात्र सतराव्या शतकातल्या युरोपियन पायदळाच्या प्लास्टिक किटमधून जमवलेत.

आता प्रायमिंग, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी स्प्रेच्या कॅनने द्यायचा पायाचा थर. व्हिडिओत सगळे एकच सांगतात, कॅन दोन मिनिटं हलवा, २० ते ३० सेंमीवरून मारा, फवारा फिगरच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच बंद करा, जाड थर देऊ नका. अगदी बरोबर आहे, फक्त हे सांगणारे लोक गोव्यात राहत नाहीत. आपल्याकडे मिरग (मृग) लागला की आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर नव्वदीच्या आसपास जाऊन बसतो आणि चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत फारसा खाली येत नाही. म्हणून जुलैत फिगरना हात न लावता आधी प्लास्टिकच्या चमच्यांवर टेस्ट घेतली. तोच कॅन, तेच अंतर, काही चमचे पडवीत आणि काही एसी ड्राय मोडवर टाकून थंड-कोरड्या केलेल्या खोलीतून दोन मिनिटांसाठी बाहेर नेऊन. पडवीतल्या चमच्यांवर काळ्या प्रायमरवर पांढुरकी साय धरली, म्हणजे ब्लशिंग. गंमत म्हणजे एसीतले त्याहून वाईट निघाले! थंडगार चमचा दमट हवेत नेला की फवारा मारायच्या आधीच त्याला घाम फुटतो, त्यावर प्रायमर काय बसणार.

कारण समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. कॅनमधलं सॉल्व्हंट झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं, शिवाय कॅनमधला गॅस फुगताना गार होतो तो वेगळा. २७ डिग्री तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब होऊन बसतं तो) साधारण २५ वर येतो, म्हणजे फिगर दोन डिग्री गार झाली की हवेतलं पाणी ओल्या रंगात उतरलंच. डिसेंबरात दुपारी ३२ डिग्री आणि ५० टक्के असेल तर दवबिंदू २० च्या आसपास, मधे बारा डिग्रीची मोकळीक. कॅन महाग घेतला की स्वस्त याने इथे फारसा फरक पडत नाही, सगळा खेळ हवेचा आहे. नुसतं आर्द्रतेचं टक्के बघू नका, तापमानाशी जोडून दवबिंदू काढा, फोनवर फुकट कॅल्क्युलेटर मिळतात.

मग एक प्रश्न डोक्यात आला, भर पावसात आमच्या गावच्या चित्रशाळेत गणपती रंगतातच की, तेही कंप्रेसर लावून. मूर्तिकार काकांना जाऊन विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, “तुज्या डब्यांत थिनर आसा, आमच्या रंगांत उदक.” विषय संपला. पाण्यातला रंग सावकाश वाळतो, सॉल्व्हंटसारखा एकदम उडून पृष्ठभाग गार करत नाही, त्यामुळे ब्लशिंगचा प्रश्नच येत नाही. फक्त वाळायला वेळ द्यायचा, काका तर पंखे आणि मोठे दिवे लावून बसलेले असतात.

तिथून सरळ एअरब्रशवर, म्हणजे कंप्रेसरच्या हवेने रंग फवारणाऱ्या पेनवर आलो. वाल्लेहो कंपनीचा पाण्यातला सरफेस प्रायमर, ०.४ ची सुई, २० ते २५ पीएसआय दाब, दोन-तीन पातळ थर. कंप्रेसरला वॉटर ट्रॅप हवाच, हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि आपल्याकडे तर ट्रॅपच्या वाटीत थेंब डोळ्यांदेखत जमतात, ट्रॅप नसेल तर तेच पाणी फटकन फिगरवर येतं. बाटलीवर वाळायला २४ तास म्हणत असतील तर पावसात दुप्पट धरा आणि मगच नखाने खरवडून बघा. रेझिनच्या फिगर त्याआधी आयपीएमधून (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुऊन यूव्हीखाली नीट क्युअर झालेल्या पाहिजेत, चिकट राहिल्या तर कुठलाच प्रायमर धरत नाही.

तरीही खरं सांगू, झेनिथलसाठी, म्हणजे वरून उजेड पडल्यासारख्या प्रायमिंगसाठी, मला कॅनच आवडतो. काळा बेस, मग तिरक्या कोनातून ग्रे, मग डोक्यावरून पांढऱ्याची हलकी फुंकर, दहा मिनिटांत अख्खा ट्रे तयार आणि सावल्या कुठे येणार ते आपोआप दिसतं. म्हणून आता वेळापत्रकच करून टाकलंय, तुळशीचं लग्न झालं की मार्चपर्यंत सकाळी ११ ते २ मध्ये कॅनचं काम, दव वाळलेलं असतं आणि दुपारचा खारा वारा अजून चढलेला नसतो. बाहेरच मारा, व्हेपर कार्ट्रिजवाला मास्क लावा, एन९५ ने थिनरचा वास अडत नाही, आणि जवळ समई किंवा गॅस पेटलेला नको.

पावसाळा मात्र ब्रशला स्वर्ग. अॅक्रिलिक इतकं हळू वाळतं की रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) न घालता वेट ब्लेंडिंग, म्हणजे ओले रंग एकमेकांत मिसळणं, होतं. वेट पॅलेटचं, म्हणजे ओल्या स्पंजवरच्या रंगपाटीचं, पाणी दिवसेंदिवस आटत नाही, पण बुरशी येते, आणि तो वास एकदा आला की जात नाही, त्यामुळे स्पंज वरचेवर गरम पाण्यात धुवा आणि खाली तांब्याचा तुकडा ठेवा, चांगला फरक पडतो.

या पावसाळ्यात बंदूकवाले मराठे पूर्ण झाले. त्यांना युनिफॉर्म नव्हता ही रंगवणाऱ्याची मजा, मंजिष्ठाचा विटकरी लाल, नीळ, हळदीचा पिवळा, कोऱ्या कापडाचा मळका पांढरा, एवढेच रंग उलटसुलट फिरवले तरी दोन जण सारखे दिसत नाहीत. शुद्ध पांढरा अंगरख्याला वापरू नका, खडूसारखा दिसतो. मी हस्तिदंती बेसवर पातळ ब्राऊन वॉश (पाणीदार रंग) घड्यांमध्ये सोडतो आणि उंचवट्यांवर परत हस्तिदंती.

सगळ्यात जास्त वेळ गेला तोड्यावर. तोड्याच्या बंदुकीची वात डाव्या हाताच्या बोटांमधून लोंबते, जाडीला जेमतेम अर्धा मिलिमीटर. आधी वात बेज, त्यावर तपकिरी वॉश, शेवटचा मिलिमीटर काळा, मग टोकाला नारिंगी आणि त्याच्या मधोमध पिवळ्याचा अगदी सुईच्या टोकाएवढा ठिपका. इथे ब्रश बारीक घेऊन उपयोग नाही, ट्रिपल झिरो मापाच्या ब्रशच्या टोकावर रंग पोचेपर्यंत वाळतो. चांगल्या कोलिन्स्की केसांचा १ नंबर मापाचा ब्रश घ्या, टोक शाबूत असलं की झालं. नारिंगी ठिपक्यानंतर बोटांच्या कडेला तोच रंग पाणी करून जरासा लावला तर निखारा पेटलेला वाटतो, पण हे रांगेतल्या एखाद-दुसऱ्यालाच करा, सगळ्यांना केलं तर दिवाळीची रोषणाई होते.

पोर्तुगीजांचा ट्रे या आठवड्यात कॅनखाली जातोय. कोट जास्त करून करडे-तपकिरीच ठेवणार, थोडा लाल फक्त अधिकाऱ्यांच्या पट्ट्यात. मराठ्यांना मॅट वॉर्निश अजून मारलेलं नाही, कारण दमट हवेत सगळ्यात जास्त दगा तेच देतं, रंगवून झालेल्या फिगरवर धुकं आलं की जीव जातो. कुणावर ते आलंच तर रंग काढून टाकायला फिगर डेटॉलमध्ये बुडवायच्या आधी वरून ग्लॉसचा एक पातळ थर ब्रशने देऊन बघा, बऱ्याचदा धुकं निघून जातं, मग कोरड्या दिवशी परत मॅट. आणि डेटॉल वापरायची वेळ आलीच तर मधेच पाणी लावू नका, चिकट राडा होतो, घासून घ्या डेटॉलमध्येच आणि शेवटी भांड्यांच्या साबणाने धुवा.