तारेवरची पत्रं

घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरून एक तार खाली आली. सायकलच्या स्पोकसारखी, वरच्या टोकाला आकडा, बुडाशी लाकडी चकती, आणि मधे वीतभर उंचीची ओवलेली पत्रं. पूर्वी वाण्याकडे बिलं अशीच टोचलेली असायची. आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, पत्र वाचून झालं की चष्मा न काढताच म्हणायचे, "टोच गं तारेला." ते काम माझं.

मी तेव्हा सहा-सात वर्षांची. टोचताना मजकूर चुकवायचा असतो, हे कोण सांगणार? त्यामुळे प्रत्येक पत्राच्या ऐन मध्यावर भोक आहे आणि त्या भोकातून एकेक शब्द गेलाय. मिरजेच्या आत्याचं एक कार्ड असं: "येथे पाऊस ठीक. म्हैस व्याली. बाळूला परवा — लागली." काय लागली? ठेच? दृष्ट? बाळूदादाला फोन करून विचारलं. त्याला काही आठवेना. "नोकरी नक्की नाही," एवढं मात्र ठामपणे म्हणाला.

पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ ला आलं, पाव आण्याला. आत्याने ते पुरेपूर वसूल केलं. उभ्या ओळी संपल्या की कार्ड फिरवून समासात आडव्या, मग पत्त्याच्या बाजूला उरलेल्या बोटभर जागेत ता. क., आणि त्याच्याही खाली मुंगीएवढ्या अक्षरात "लोणचं पाठवते आहे, बरणी परत करावी". सुरुवातीचं 'सा. न. वि. वि.' वाचून माझ्या मुलाने विचारलं, "हा सानविवि कोण?"

राखीपौर्णिमेच्या सुमारास मात्र आत्या निळं आंतरदेशीय वापरायची. आत काही ठेवू नये असं त्यावर स्वच्छ छापलेलं असतं. आत्या ठेवायची. राखी तिने स्वतः केलेली असे: रेशमाची लड घ्यायची, मधोमध दोऱ्याने करकचून बांधायची, टोकं कातरायची आणि जुन्या टूथब्रशने घासत बसायचं, गोंडा फुलेपर्यंत. पाकिटाला दोन पैसे जास्त पडतात म्हणून हा उद्योग. एवढा फुलवलेला गोंडा घडीत दाबून पापडासारखा चपटा होऊन यायचा. एका वर्षी तर पोस्टाचा शिक्का इतक्या जोरात बसला, की काळी शाई कागदातून झिरपून गुलाबी रेशमावर अर्धचंद्र उमटला. बाबांनी चहाच्या वाफेवर धरून तो पुन्हा फुलवला आणि तसाच हातावर बांधून ऑफिसला गेले. दिवाळीपर्यंत काढला नाही. आईला राखीचं कौतुक होतं, त्या कळकट मनगटाचं नव्हतं.

हे सगळं वाचून मलाही पत्र लिहायची हुक्की आली. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालची. तिथे सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद करतात; तसल्या खरबरीत, कडा न कापलेल्या कागदाचा एक संच घरी आणला. सुंदरच होता. पण भारी कागदाचं एक असतं, त्यावर लिहायची भीती वाटते. आधी रफ करावंसं वाटतं, आणि रफ केलेलं पत्र हे पत्र नव्हे, अर्ज झाला. तो संच अजून कपाटात आहे. शेवटी पोस्टात गेले. कार्ड अजून ५० पैशांना. "एक दिलं तर ५० पैसे परत कुठून देऊ? दोन घ्या," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. दोन घेतली.

तार उतरवताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. एवढ्या पत्रांत कुणी मेलेलंच नाही. लग्नं आहेत, बारशी आहेत, मॅट्रिकचे निकाल आहेत, कोपऱ्यांना लावलेलं हळदकुंकू अजून बोटाला लागतं. पण वाईट बातमीचं कार्ड आमच्याकडे वाचून लगेच फाडत, घरात ठेवत नसत. त्यामुळे ती माणसं तारेवर नुसती यायची थांबतात. सोलापूरच्या काकांची जांभळी शाई एका जागी संपते, पुढे काही नाही. आत्याच्या एका कार्डावर 'आम्ही उभयता कुशल' आहे, आणि त्याच्या लगेच वरच्या कार्डावर 'मी बरी आहे'. या दोहोंच्या मधे जे कार्ड आलं असेल, ते अण्णांनी कुठे फाडलं असेल?

मी आत्यालाच लिहिलं. पाचव्या ओळीला मनगट दुखायला लागलं. खाडाखोड झाली, 'आशीर्वाद'मधला दीर्घ ऱ्हस्व झाला, तो गिरवून दीर्घ केला. शेवटी आडव्या समासात बरणीची चौकशीही केली.

आठव्या दिवशी तिचा फोन. आता ती चौऱ्याऐंशीची आहे, फोनवर ओरडून बोलते.

"अगं, केवढी घाबरले! इतक्या वर्षांनी दारात कार्ड. आधी चारही कोपरे बघितले, मग मजकूर."

दुसरं कार्ड होतंच. लिहायच्या आधी वाटीत हळद कालवली आणि चारही कोपरे बुडवून काढले. जरा जास्तच पातळ झाली होती. पत्त्यातला पिनकोडही पिवळा झाला.