डोक्यावर छत असताना: केव्ह डायव्हिंगच्या प्रशिक्षणाचा माझा अनुभव

समुद्रात काही वर्षं डायव्हिंग केलं की पाण्याखालच्या गुहा खुणावू लागतात. मलाही खुणावत होत्या. काचेसारखं पाणी, ना लाट ना प्रवाहाचा धिंगाणा. माझ्याकडे ॲडव्हान्स्ड ओपन वॉटरचं, म्हणजे मोकळ्या पाण्यातल्या डायव्हिंगच्या पुढच्या पातळीचं, कार्ड होतं आणि 30 मीटरपर्यंत उतरायचा सराव होता. तरी आत शिरण्याआधी रीतसर शिकायचं ठरवलं. त्या प्रशिक्षणात जे कळलं, ते गुहेच्या तोंडाशी पोहोचलेल्या प्रत्येक डायव्हरपर्यंत जावं असं मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात पाण्यात झालीच नाही. आमच्या प्रशिक्षिकेने आधी अपघातांच्या नोंदी समोर ठेवल्या. शेक एक्सली या अमेरिकन केव्ह डायव्हरने 1970च्या दशकात अशा मृत्यूंचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा तीच तीच कारणं पुन्हा पुन्हा निघाली. बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत सलग लाइन, म्हणजे परतीची वाट दाखवणारी दोरी, नव्हती. परतीपुरती हवा राखलेली नव्हती. झेपेल त्यापेक्षा खोल गेले होते. पुढे या यादीत प्रशिक्षणाचा अभाव आणि अपुरे दिवे यांचीही भर पडली. मृतांमध्ये ओपन वॉटरचे प्रशिक्षकही होते, आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो याच गोष्टीने. त्यांचं कौशल्य काही खोटं नव्हतं. पण मोकळ्या पाण्यातल्या सगळ्या शिक्षणाच्या मुळाशी एक गृहीत असतं: अगदीच काही बिघडलं तर वर जाता येईल. गुहेत वर खडक असतो. जितकं आत गेलात तितकं आडवं अंतर आधी मागे यायचं, मग वर. त्या अंतरात पुरेल इतकी हवा, उजेड आणि भान तुमच्याजवळच असावं लागतं.

पहिला टप्पा कॅव्हर्नचा, म्हणजे गुहेच्या तोंडाजवळच्या भागाचा. तिथे बाहेरचा दिवसाचा उजेड सतत दिसला पाहिजे, आणि पृष्ठभागापासूनचं एकूण अंतर, खोली धरून, साधारण 40 मीटरच्या आत राहिलं पाहिजे. ही हद्द खडकावर आखलेली नसते. आभाळ भरून आलं की ती तोंडाकडे सरकते आणि रात्री तर उरतच नाही. त्याच जागी रात्री उतरलात, तर तुम्ही पूर्ण गुहेत आहात.

लाइन टाकायला आम्ही जमिनीवर शिकलो. झाडांना रीलवरची (दोरी गुंडाळलेल्या चकरीवरची) लाइन बांधून, डोळे मिटून, लाइनभोवती बोटांची सैल कडी करून चालायचं. मागच्याने पुढच्याचा दंड धरायचा. पुढे ढकललं तर चल, दाबलं तर थांब. पहिली गाठ नेहमी मोकळ्या पाण्यात, जिथून सरळ वर जाता येईल अशा ठिकाणी मारायची आणि आत शिरताच दुसरी. लाइनवरचे बाण जवळच्या बाहेरच्या वाटेकडे तोंड करून लावायचे. हे फार सोपं वाटतं. हातात दिवा, तोंडात रेग्युलेटर, एका हाताने रील सांभाळत तरंगताना ते अजिबात सोपं राहत नाही.

हवेचं गणित मात्र नीट समजून घ्यावं असं आहे. नियम तिसऱ्या भागाचा: एक भाग आत जायला, एक परत यायला, एक राखीव. सिलिंडरमध्ये 200 बार (बार हे दाबाचं एकक) असतील तर तिनाने भाग जाईल असा खालचा आकडा घ्यायचा, 180. त्याचा तिसरा भाग 60. म्हणजे काटा 140वर आला की वळायचं. सोबत्याकडे 150च असतील तर दोघांनीही 50 वापरून वळायचं, कारण ज्याची हवा कमी त्याच्यावर बेत ठरतो. आता दोघांनीही 200वर सुरुवात केली आणि सर्वांत आतल्या टोकाला एकाची सगळी हवा गेली असं धरा. दुसऱ्याच्या 140मध्ये दोघांनी बाहेर यायचं. सिलिंडर सारखे आणि श्वास शांत असेल तर 120 लागतात, उरतात 20. पण अशा वेळी शांत श्वास कोण घेतं? गाळ उठलेला असेल तर वेगही निम्म्यावर येतो. म्हणून तिसरा भाग ही कमाल मर्यादा समजायची. पाणी बाहेर वाहत असेल तर परतताना प्रवाहाची मदत होते. पाणी आत ओढलं जात असेल तर हाच नियम अपुरा पडतो, आणि वळायचा आकडा बराच आधीचा ठरवावा लागतो.

पायातले फिन मारण्याची जुनी सवय मोडायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. समुद्रात पाय वरखाली मारतो, त्याने पाणी खाली ढकललं जातं आणि तळाचा गाळ उठतो. इथे बेडकासारखे पाय, गुडघे वाकलेले, अंग आडवं. जागच्या जागी वळणं आणि फिन मारून मागे सरकणं हेही शिकावं लागतं. एवढं करूनही नुसत्या बुडबुड्यांनी छतावरची माती सुटते. उठलेला गाळ बसायला काही ठिकाणी तास जातात.

लाइन हरवल्याचा सराव मास्क झाकून होतो. आधी थांबायचं, जवळच्या खडकाला छोट्या स्पूलची दोरी बांधायची आणि ती न सोडता हात फिरवत एकेका दिशेला शोध घ्यायचा. थांबणं किती कठीण आहे ते मला तिथे कळलं. शरीर कुठेतरी पोहत सुटायला बघतं, आणि वाट समजून अंधारात आणखी आत जाणारे याच क्षणी जिवाला मुकलेले असतात. बोटांना लाइन लागल्यावरही काम संपत नाही. बाहेरची बाजू कोणती, हे बाण चाचपून ठरवायचं असतं.

फ्लोरिडातल्या गुहांच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेला फलक असतो: आत असं काहीही नाही ज्यासाठी जीव द्यावा. तिथल्या काही ठिकाणी ओपन वॉटर डायव्हरला टॉर्च न्यायलाच मनाई आहे. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण हातात टॉर्च असला की पुढचं वळण बघावंसं वाटतंच. मेक्सिकोच्या युकातानमधल्या सेनोटेंमध्ये (चुनखडकातल्या पाण्याने भरलेल्या विवरांमध्ये) साध्या कार्डावर गाइडसोबत कॅव्हर्नमध्ये जाता येतं, पण तो गाइड पूर्ण केव्ह प्रशिक्षित हवा आणि त्याच्यामागे जास्तीत जास्त चार जण. जो गाइड स्वतःच्या पाठीवर जोडसिलिंडर लावून, एका सिलिंडरवरच्या पाहुण्यांना 'मी आहे ना' म्हणत फलकाच्या पुढे नेतो, त्याच्यामागे जाऊ नका. त्याचं कार्ड तुमच्या उपयोगाचं नाही. गाळात तो दिसेनासा झाला तर बाहेर काढणारं कौशल्य तुमच्याच हातात असावं लागतं. आणि अंगठा वर करून डाइव्ह संपवायचा हक्क प्रत्येकाला, कधीही, कारण न देता आहे. आमच्या प्रशिक्षणात हे रोज घोकून घेतलं जायचं.

सगळ्यांना कार्ड मिळालं नाही. आमच्यातला एक जण पोहण्यात सर्वांत तरबेज होता, पण दिवे बंद होताच लाइन घट्ट ओढायचा. त्याला आणखी सरावाला यायला सांगितलं. त्याने ते मानलं, आणि प्रशिक्षिकेचा निर्णय मला योग्यच वाटला.

माझं कार्ड प्राथमिक केव्हचं आहे, म्हणजे कॅव्हर्नच्या पुढचं पण पूर्ण केव्हच्या अलीकडचं. जोडसिलिंडर असतील तर हवेचा फक्त सहावा भाग आत जायला वापरायचा, मुख्य लाइन सोडून फाट्यांवर वळायचं नाही, अरुंद फटीत शिरायचं नाही, आणि एक मुख्य व दोन राखीव असे तीन दिवे प्रत्येक वेळी सोबत. डायव्हिंग विमा घेतला असेल तर कार्डाच्या हद्दीबाहेरचा अपघात त्यात धरला आहे का, हेही पॉलिसीत आधीच वाचून ठेवा. पूर्ण केव्हचं प्रशिक्षण घ्यायचंच आहे, पण त्याआधी याच हद्दीत पुष्कळ डाइव्ह करायच्या आहेत.